कोट्यवधींची संपत्ती, तरीही जाहिरात! तारे थांबत का नाहीत?

दारव्हा : मृग नक्षत्र जवळ आले की दारव्हा तालुक्यातील कृषी केंद्रांसमोर बियाणे कंपन्यांचे फलक झळकू लागतात. पानटपरीवर खर्रा घोटला जात असतो आणि मोबाइलवर एखादा सुपरस्टार वेलची खाऊन रुबाबात चालताना दिसतो. क्रिकेटचा सामना लावला की षटक संपताच तेच खेळाडू टायर, सिमेंट, बनियन नाही तर विमा विकायला हजर. अशा वेळी गावात एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘यांच्याकडे एवढा पैसा आहे, मग हे अजून जाहिराती कशाला करतात?’ प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र ‘हाव’ या एका शब्दात संपत नाही. या उत्तराचा एक धागा थेट कापसाच्या शेतापर्यंत येतो.

पैशांची गरज हे कारण आहे का?

काही वेळा नक्कीच असते. अमिताभ बच्चन यांची एबीसीएल ही कंपनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डबघाईला आली आणि त्यांच्यावर कर्जाचा डोंगर उभा राहिला. जुलै २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले, पाठोपाठ जाहिरातींचा ओघ आला आणि त्यांची गाडी रुळावर आली. त्या काळात त्यांनी केलेल्या जाहिरातींना गरजेचे कारण होते, असे म्हणता येते. पण कर्ज कधीच फिटले आणि जाहिराती आजही सुरू आहेत.

याच्या नेमके उलटे उदाहरण पुलेला गोपीचंद यांचे. २००१ मध्ये त्यांनी बॅडमिंटनमधील मानाची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. त्यानंतर शीतपेयाच्या जाहिरातीचा प्रस्ताव आला, तो त्यांनी नाकारला. जे पेय आपण स्वतः पीत नाही, ते मुलांना प्यायला सांगणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. तेव्हा त्यांच्याकडे आजच्या क्रिकेटपटूंसारखी संपत्ती नव्हती. म्हणजे ज्याला पैसा हवा होता त्याने नकार दिला आणि ज्यांच्याकडे भरपूर आहे ते होकार देत राहतात. जाहिरात करणे किंवा न करणे हे गरजेवर ठरत नाही, एवढे यातून स्पष्ट होते.

मग श्रीमंत तारे जाहिरात का करतात?

पहिले कारण हिशेबाचे आहे. एका चित्रपटासाठी कलाकाराचे कित्येक महिने जातात. शरीर कमवावे लागते, चित्रीकरण, डबिंग, प्रसिद्धीचे दौरे करावे लागतात आणि एवढे करून चित्रपट पडला तर नाव खराब होते. जाहिरातीचे चित्रीकरण बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आटोपते. कामाच्या तासांवर भागले तर जाहिरातीइतका मोबदला देणारे दुसरे काम ताऱ्यांकडे क्वचितच असते. शिवाय उत्पादन चालले नाही तरी करारातले पैसे ठरलेले असतात. कमी वेळ, जास्त मोबदला आणि कमी धोका, असे काम श्रीमंत माणूस तरी का नाकारेल?

दुसरे कारण आहे डोळ्यांसमोर राहण्याचे. सचिन तेंडुलकर नोव्हेंबर २०१३ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर जन्मलेली मुले आता शाळेत जातात. त्यांनी सचिनचा खेळ मैदानावर पाहिलेला नाही, पण चेहरा ओळखतात. त्यात जाहिरातींचा वाटा मोठा आहे. जो दिसत नाही तो विसरला जातो आणि जो विसरला गेला त्याचा भाव उतरतो. म्हणून जाहिरात ही ताऱ्यासाठी कमाईही असते आणि स्वतःची फुकट प्रसिद्धीही.

तिसरे कारण प्रतिष्ठेचे. मराठी अभिनेत्री लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. लक्ससाठी निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री मानल्या जातात. पुढे अनेक दशके असे झाले की जिला लक्सची जाहिरात मिळाली, ती मोठी तारका. म्हणजे ताऱ्याच्या नावावर साबण विकला जात होता आणि साबणाच्या नावावर ताराही मोठा होत होता. आजही एखाद्या कलाकाराकडे जाहिराती नसतील तर ‘याचे मार्केट संपले’ अशी कुजबुज सुरू होते. मोठ्या जाहिराती हातात असणे हा या धंद्यातला दाखला आहे.

खेळाडूंबाबत हा बाजार नव्वदच्या दशकात खऱ्या अर्थाने उघडला. १९९५ मध्ये मार्क मस्कारेन्हास यांच्या वर्ल्डटेल कंपनीने तेंडुलकर यांच्याशी पाच वर्षांचा करार केला. त्याची रक्कम सुमारे ३० कोटी रुपये असल्याचे तेव्हा सर्वत्र छापून आले होते. खेळाडूची मैदानावरची कमाई आणि त्याच्या नावाची कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे देशाला तेव्हा कळले. अमेरिकेत मायकल जॉर्डन यांनी तर बास्केटबॉल खेळून मिळवलेल्या पगाराच्या कित्येक पट रक्कम बुटांच्या कंपनीकडून मिळवली आणि निवृत्तीनंतरही ती मिळत राहिली.

कंपन्या एवढे पैसे का मोजतात?

कंपनी ताऱ्याचा चेहरा विकत घेते, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती लोकांचा त्या चेहऱ्यावर असलेला विश्वास भाड्याने घेते. आकड्यांत सांगायचे तर समजा, एखाद्या कंपनीची साबणाची १०० कोटी पाकिटे वर्षाला खपतात आणि तिने ताऱ्याला १० कोटी रुपये दिले. पाकिटामागे खर्च पडला फक्त १० पैसे. पाच रुपयांच्या वडीवर दहा पैसे कुणाला जाणवतही नाहीत. पण तो खर्च शेवटी ग्राहकाच्याच खिशातून जातो. ताऱ्याचे मानधन कंपनीचा मालक पदरचे देत नाही.

हा विश्वास सर्वांत जास्त कुठे उपयोगी पडतो? जिथे दोन वस्तूंमधला फरक ग्राहकाला विकत घेताना ओळखता येत नाही, तिथे. कापसाचे बियाणे हे त्याचे उत्तम उदाहरण. केंद्र सरकार बीटी कापूस बियाण्याची कमाल किंमत दरवर्षी ठरवते. २०२५ च्या हंगामासाठी बीजी-२ वाणाच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची किंमत ९०१ रुपये होती, आधीच्या वर्षी ती ८६४ रुपये होती. म्हणजे कंपनी कोणतीही असो, किमतीची मर्यादा तीच. पाकीट फोडून बी हातात घेतले तरी ते कसे उगवेल, किती बोंडे धरेल हे दिसत नाही. मग शेतकरी निवड कशावर करणार? शेजाऱ्याचा अनुभव, दुकानदाराचा शब्द आणि जाहिरातीतले नाव, एवढेच हातात उरते. दिसत नसलेल्या गुणवत्तेची जागा दिसणारा चेहरा घेतो.

दारव्ह्याच्या कापसाशी याचा संबंध काय?

कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली शकुंतला रेल्वे यवतमाळहून दारव्ह्यामार्गे मूर्तिजापूरला जायची. या तालुक्याचे अर्थकारण पिढ्यान्‌पिढ्या पांढऱ्या सोन्यावर उभे आहे. मार्च २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत हे बियाणे विदर्भात पसरले. त्याच काळात महिको कंपनीच्या बीटी बियाण्याच्या प्रचारात अभिनेते नाना पाटेकर दिसले होते. साधा, रोखठोक, मातीशी नाते सांगणारा माणूस ही त्यांची प्रतिमा. शेतकऱ्याला आपला वाटेल असा चेहरा मराठी पडद्यावर दुसरा शोधूनही सापडला नसता. विदर्भात शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न गंभीर असताना या जाहिरातीवर टीकाही झाली.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. कापसाचे उत्पादन केवळ बियाण्यावर ठरत नाही. पाऊस, जमीन, खत, कर्ज, हमीभाव अशी दहा कारणे असतात. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने यवतमाळ जिल्ह्यातील कापूस पोखरला, त्याचा दोष कोणत्याही अभिनेत्याला देता येणार नाही. शिवाय याच नाना पाटेकर यांनी मकरंद अनासपुरे यांच्यासोबत २०१५ मध्ये ‘नाम फाउंडेशन’ सुरू केले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांना मदतीचा हात दिला. त्यामुळे त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

प्रश्न व्यवहाराच्या रचनेचा आहे. पाच एकरांत कापूस घेणाऱ्या शेतकऱ्याने एकरी दोन पाकिटे धरली तर २०२५ च्या दराने बियाण्यावर नऊ हजार रुपये जातात. पण पणाला लागतो तो अख्खा खरीप. नांगरणी, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी आणि सहा महिन्यांची मेहनत त्या एका निवडीवर अवलंबून असते. बियाणे फसले तर दुबार पेरणी, नाही तर हंगाम हातचा गेला. ताऱ्याच्या दृष्टीने मात्र हा दोन दिवसांचा करार असतो. पीक आले काय, गेले काय, त्याच्या मानधनात फरक पडत नाही. ‘श्रीमंत असून जाहिरात का करतात’ या प्रश्नाचे खरे उत्तर येथे मिळते. यात त्यांचे गमावण्यासारखे फारसे काही नसते.

जोखीम नेमकी कुणाच्या डोक्यावर?

बियाण्यापुरती ही गोष्ट मर्यादित नाही. महेंद्रसिंह धोनी हे ‘आम्रपाली’ या बांधकाम समूहाचे सदिच्छादूत होते. घरे वेळेत न मिळालेल्या ग्राहकांनी समाजमाध्यमांवर धोनी यांनाच जाब विचारायला सुरुवात केली, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये ते त्या कंपनीपासून वेगळे झाले. जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या समूहाची रेरा नोंदणी रद्द केली. ४० हजारांहून अधिक ग्राहक यात अडकले होते. विशेष म्हणजे थकलेल्या पैशांसाठी खुद्द धोनी यांनाही न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. कंपनीला आतून ओळखण्याची संधी असलेला माणूसच फसतो, तर त्याचा फोटो पाहून आयुष्याची पुंजी देणाऱ्याचे काय?

दुसरे उदाहरण ऑनलाइन पैशांच्या खेळांचे. तेंडुलकर यांनी दारू आणि तंबाखूच्या जाहिराती कधीच केल्या नाहीत. वडिलांना दिलेला तो शब्द होता, असे त्यांनी सांगितले आहे. त्याबद्दल त्यांचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण २०२० मध्ये ते पेटीएम फर्स्ट गेम्सचे सदिच्छादूत झाले. त्याविरोधात अचलपूरचे तत्कालीन आमदार बच्चू कडू यांनी ३१ ऑगस्ट २०२३ रोजी वांद्रे येथील त्यांच्या घरासमोर आंदोलन केले. भारतरत्नाने अशी जाहिरात करावी का, हा त्यांचा सवाल होता. तेव्हा असे खेळ कायद्याने बंद नव्हते, हेही खरे. पण कडू यांचा मुद्दा कायद्यापेक्षा विश्वासाचा होता. ज्या नावावर लोक डोळे झाकून भरवसा ठेवतात, त्या नावावर खिसा मोकळा करणारी सवय लागू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

वेलचीच्या जाहिराती हा याच गोष्टीचा आणखी पुढचा प्रकार. २००३ च्या कायद्याने तंबाखूची जाहिरात बंद केली, महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. त्यामुळे जे नाव तंबाखूच्या पुडीवर असते, तेच वेलचीच्या डबीवर छापून जाहिरात केली जाते. पाहणाऱ्याच्या डोक्यात वेलची राहत नाही, नाव राहते. ज्या भागात खर्रा शाळकरी पोरांच्या हातापर्यंत पोहोचला आहे, तिथे या झगमगाटाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

कायदा ताऱ्यांना जबाबदार धरतो का?

आता धरतो, पण मर्यादित प्रमाणात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत काम करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याला एक वर्षापर्यंत आणि पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत जाहिराती करण्यास मनाई करता येते. जून २०२२ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी सांगितले की, जाहिरात करणाऱ्याचे मत प्रामाणिक असावे आणि त्यामागे वस्तूची पुरेशी माहिती किंवा अनुभव असावा. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पतंजली प्रकरणाच्या सुनावणीत स्पष्ट केले की, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी प्रसिद्ध व्यक्ती आणि इन्फ्लुएन्सर तेवढेच जबाबदार आहेत.

कायद्यात एक पळवाटही आहे. दावा खरा आहे की नाही याची योग्य ती पडताळणी आपण केली होती, हे दाखवता आले तर दंड होत नाही. ही तरतूद पूर्णपणे चुकीची म्हणता येणार नाही. २०१५ मध्ये मॅगीवर बंदी आली तेव्हा अमिताभ बच्चन, माधुरी दीक्षित आणि प्रीती झिंटा यांच्यावर गुन्हा नोंदवण्याचे आदेश बिहारमधील न्यायालयाने दिले होते. काही महिन्यांतच मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. प्रयोगशाळाच चुकू शकत असेल तर अभिनेत्रीने शिशाचे प्रमाण कसे तपासावे, हा प्रश्न रास्त आहे. मात्र ज्या करारातून कोट्यवधी रुपये मिळतात, तिथे १० लाखांचा दंड ही शिक्षा न वाटता किरकोळ खर्च वाटण्याची शक्यता अधिक. त्यापेक्षा वर्षभर जाहिरातबंदीची तरतूद जास्त बोचणारी आहे. तिचा वापर व्हायला हवा.

तारे माघार कधी घेतात?

या प्रश्नाच्या उत्तरात खरी आशा आहे. अमिताभ बच्चन यांनी २०१४ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममध्ये एक प्रसंग सांगितला होता. जयपूरमध्ये एका मुलीने त्यांना विचारले होते, आमच्या बाई ज्या पेयाला विष म्हणतात त्याची जाहिरात तुम्ही का करता? त्यानंतर आपण पेप्सीची जाहिरात थांबवली, असे त्यांनी सांगितले. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी टीकेनंतर ‘कमला पसंद’च्या जाहिरातीतून अंग काढून घेतले आणि पैसे परत केल्याचे जाहीर केले. एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमार यांनी चाहत्यांच्या नाराजीनंतर विमल वेलचीच्या जाहिरातीबद्दल जाहीर माफी मागितली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात अशा खेळांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आली. एका रात्रीत ड्रीम ११ सह अनेक कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले आणि ताऱ्यांचे चेहरेही त्या जाहिरातींतून गायब झाले.

या सर्व उदाहरणांत ताऱ्यांची संपत्ती तेवढीच होती. बदलली ती जोखीम. कधी लेकीच्या वयाच्या मुलीसमोर निरुत्तर होण्याची, कधी चाहते तुटण्याची, तर कधी तुरुंगाची. ताऱ्याकडे किती पैसा आहे हे मोजत बसण्यापेक्षा, चुकीच्या जाहिरातीची किंमत त्यालाही मोजावी लागते का, हे पाहिले पाहिजे.

मग अशा जाहिराती बंदच कराव्यात का?

तशी गरज नाही. बच्चन यांनीच पल्स पोलिओची मोहीम घराघरांत पोहोचवली आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला पोलिओमुक्त जाहीर केले. त्या यशात लाखो आशा आणि अंगणवाडी सेविकांचे कष्ट होते, तसा त्या ओळखीच्या आवाजाचाही वाटा होता. विश्वास हे साधन आहे, कशासाठी वापरले जाते यावर त्याचे मोल ठरते. टायर किंवा रंगाच्या जाहिरातीत तारा दिसला म्हणून कुणाचे घर बुडत नाही. मात्र बियाणे, औषध, घर, ठेव आणि व्यसन या पाच गोष्टींत चूक झाली तर ती सहज भरून निघत नाही. अशा वस्तूंची जाहिरात करणाऱ्यांसाठी पडताळणीचा निकष कडक हवा. ताऱ्याने नेमकी काय पडताळणी केली, हे लेखी स्वरूपात जाहीर व्हावे. मानधन कोटींत असेल तर दंडही त्याच प्रमाणात असावा.

तोपर्यंत ग्राहकाच्या हातात काही साध्या गोष्टी आहेत. बियाणे घेताना पक्के बिल घ्यावे, त्यावर वाण आणि लॉट क्रमांक लिहून घ्यावा. पाकीट, त्यावरचे लेबल आणि थोडे बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे लेखी तक्रार करावी. फसव्या जाहिरातीबाबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तक्रारीच्या वेळी बिल आणि लॉट क्रमांक उपयोगी पडतो, फलकावरच्या हसऱ्या चेहऱ्याचा काहीच उपयोग होत नाही.

जयपूरच्या त्या मुलीकडे ना कायदा होता, ना वकील. तिने फक्त एक सरळ प्रश्न विचारला. तारे जाहिराती करत राहतील, कारण त्यांच्यासाठी हा सर्वांत सोपा व्यवहार आहे. तो तितका सोपा राहू द्यायचा की नाही, हे मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांच्या हातात आहे.